भरल्या कुरणातली रिकामी कास



पशुवैद्यकाला वाहिलेल्या या स्मृती-व्याख्यानमालेचा आजचा विषय पैदाशीच्या घोडीचा आणि तिच्या पायाखालच्या गवताचा आहे.

गाभण घोडीचे दिवस भरत आले की पागेतला जाणता माणूस आधी तिची कास पाहतो. व्यायच्या तीन-चार आठवडे आधी कास भरू लागते. शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब धरतात. ते दिसले की त्या रात्री जागायचे, हे ठरलेलेच. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा असतो. आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाले तरी कोणी घाबरत नाही.

अमेरिकेच्या केंटकी, टेनेसी, जॉर्जिया या भागांतल्या पैदासकारांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एक विचित्र दुखणे पुन्हा पुन्हा दिसू लागले. ३४० दिवस उलटत, ३५० उलटत, कधी वर्षही पुरे होई, पण घोडी व्यायची नाही. कास सपाटच. अखेर वेणा सुरू झाल्या की शिंगरू अडायचे. ते जिवंत बाहेर आले तरी अंगाने मोठे पण हाडकुळे, खूर वाढलेले, उभे राहायला त्राण नाही, आणि आईच्या सडाला थेंब नाही. काही वेळा शिंगराबरोबर घोडीही जायची.

यातली फसवी गोष्ट अशी की व्यायच्या घटकेपर्यंत घोडी ठणठणीत दिसायची. ताप नाही, लंगडणे नाही, अंगावर मांस भरपूर, चरायला हिरवेगार कुरण. मग दोष कुणाचा? घोडीच्या वयाचा, वाणाचा, राखणाऱ्या माणसाच्या हयगयीचा. ज्या कुरणामुळे ती इतकी देखणी दिसत होती, त्याच्यावर संशय घ्यायला बराच काळ जावा लागला.

डोंगरउतारावरचे गवत

१९३१ साली केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक ई. एन. फर्गस मेनिफी काउंटीतल्या एका डोंगराळ शेतावर गेले. त्यांना तिथले गवत दाखवायला बोलावले होते. आजूबाजूचा माळ थंडीने करपला तरी हा उतार हिरवा राहतो, अशी त्याची ख्याती होती. मूळ युरोपातल्या ‘टॉल फेस्क्यू’ या गवताचा तो स्थानिक वाण निघाला. फर्गस यांनी बी नेले, वर्षानुवर्षे लावून पाहिले, आणि १९४३ साली ‘केंटकी-३१’ या नावाने तो वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

गवताने नाव काढले. अवर्षण सोसणारे, हलक्या जमिनीत तग धरणारे, जनावरांच्या खुरांखाली न मरणारे, उतारावरची माती धरून ठेवणारे असे गवत शेतकऱ्याला आणखी कुठे मिळणार? पुढच्या काही दशकांत ते अमेरिकेच्या पूर्व भागात सुमारे साडेतीन कोटी एकरांवर पसरले. त्या पट्ट्याला ‘फेस्क्यू बेल्ट’ असेच नाव पडले.

तक्रारी मात्र लवकरच सुरू झाल्या. हिवाळ्यात गाईबैलांचे मागचे पाय सुजत आणि खुरांकडचा भाग काळा पडून सडे. उन्हाळ्यात जनावरे धापा टाकत, चरणे सोडून डबक्यात उभी राहत, अंगावरचे हिवाळी केस झडत नसत, वजन वाढत नसे. प्रयोगशाळेतले पृथक्करण पाहावे तर प्रथिने चांगली, पचनीयता चांगली. कागदावर हे गवत उत्तम होते. ते खाणाऱ्या जनावराची तब्येत काही वेगळेच सांगत होती.

गाठ सुटली ती जॉर्जियात. तिथल्या एकाच शेतावर दोन कुरणे होती आणि दोन्हींत तेच गवत. एकीकडची गुरे धडधाकट, दुसरीकडची आजारी. अथेन्स इथल्या कृषी संशोधन केंद्रातले चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींकडची ताटे सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आजारी गुरांच्या कुरणातल्या जवळपास प्रत्येक ताटात, पेशींच्या मधल्या फटींतून एक बुरशी वाढलेली होती. दुसरीकडे ती क्वचितच होती. १९७७ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. गवताच्या पानावर ना डाग, ना भुकटी, ना वास. डोळ्यांना दिसेल असे त्या बुरशीचे एकही चिन्ह नसते. ती हवेने एका ताटातून दुसऱ्यात जात नाही. बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरते. म्हणजे १९४३ पासून विकल्या गेलेल्या बियाण्याच्या पोत्यांतून शेतकऱ्यांनी गवताबरोबर ती बुरशीही पेरली होती.

उपाय मग सोपा वाटला: बुरशी नसलेले बी पेरावे. बी दीर्घकाळ साठवले की आतली बुरशी मरते आणि बी उगवते, हेही कळले होते. १९८०च्या दशकात असे बियाणे बाजारात आले. जनावरे सुधारली, गवत मात्र टिकेना. कडक उन्हाळा आला, चराई जरा जास्त झाली, की पट्टेच्या पट्टे विरळ होत. केंटकी-३१ च्या ज्या चिवटपणाचे कौतुक चालले होते, त्यातला मोठा वाटा बुरशीचा होता, हे तेव्हा लक्षात आले. भाडेकरू घराची राखणही करतो, तसा हा प्रकार. गवत बुरशीला आसरा आणि साखर देते. बुरशी गवताला किडीपासून, सूत्रकृमींपासून, पाण्याच्या ताणापासून वाचवते. त्या राखणीसाठी ती जी रसायने बनवते, त्यांतलीच काही घोडीच्या पोटात जातात.

दूध का उतरत नाही

या रसायनांतले सर्वांत महत्त्वाचे ते अर्गोव्हॅलीन. राई या तृणधान्याच्या कणसावर येणाऱ्या अरगट बुरशीच्या अल्कलॉइडांशी त्याचे जवळचे नाते आहे. त्याचे प्रमाण अत्यल्प असते. गाभण घोडीच्या चाऱ्यात एक अब्ज भागांत दोनशे-तीनशे भाग भरले तरी काळजी सुरू होते.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक सोडते, त्याने कास भरते. या स्रावाला लगाम घालते ते डोपामिन. गर्भारपणाच्या अखेरीस हा लगाम सैल होतो आणि प्रोलॅक्टिन वाढते. अर्गोव्हॅलीन नेमके डोपामिनचे सोंग घेऊन त्याच जागी जाऊन बसते. लगाम आवळलेलाच राहतो. गाईंमध्ये या विषाचा मोठा परिणाम रक्तवाहिन्या आकसण्यात दिसतो, म्हणून पाय सडतात. घोड्यांत तसे सहसा होत नाही. घोडीवरचा घाला गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यावर पडतो.

आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत हे औषधघराणे अनोळखी नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबावा म्हणून दिले जाणारे मेथर्जिनचे इंजेक्शन अरगटाच्याच वंशातले. आईचे दूध बंद करायचे असेल तेव्हा वर्षानुवर्षे वापरली गेलेली ब्रोमोक्रिप्टीन ही गोळीही अरगटापासूनच घडवलेली. स्त्रीला डॉक्टर मोजूनमापून जे देत, ते केंटकीतली घोडी दिवसभर बेहिशेब खात होती.

नुकसान दुधापुरते नसते. शिंगराच्या अधिवृक्क ग्रंथींतून शेवटच्या दिवसांत कॉर्टिसॉल वाढते आणि ‘आता बाहेर पडायचे’ ही सूचना त्यातून जाते. फेस्क्यूवरच्या घोडीत ही वाढ मंदावते. शिंगरू पोटात वाढत राहते, पण जन्माला तयार होत नाही. शिवाय वार जाड आणि सुजलेली होते. एरवी प्रसूतीच्या वेळी वार गर्भाशयाच्या मुखाशी फाटते आणि निळसर-पांढऱ्या पातळ पडद्यात गुंडाळलेले शिंगराचे पाय दिसतात. जाड वार फाटत नाही. ती गर्भाशयापासून सुटून आधी बाहेर येते. अमेरिकी पागांत याला ‘रेड बॅग’, लाल पिशवी म्हणतात. मखमली लाल पडदा दिसला की पशुवैद्याची वाट पाहायची सवड नसते. हाताशी असलेल्या माणसाने तो तत्काळ कापून शिंगरू बाहेर ओढायचे, कारण आईकडून येणारा प्राणवायू तुटलेला असतो.

त्यातून शिंगरू वाचले तर पुढचा प्रश्न चिकाचा. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटात असतानाच मिळतात. घोडीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. ज्या घोड्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे काढून सर्पदंशावरचे औषध बनते, त्यांचे पोर जन्मतः जवळजवळ प्रतिपिंडांवाचून असते. ती सगळी चिकातून यायची, आणि त्याच्या आतड्यातून ती शोषली जाण्याची मुदत जेमतेम एका दिवसाची. पहिले सहा-आठ तास सर्वांत मोलाचे. कास रिकामी असेल तर दुसऱ्या घोडीचा साठवलेला चीक पाजावा लागतो, नाहीतर शिरेतून रक्तद्रव द्यावा लागतो.

बाजरीच्या कणसावरचे नातलग

फेस्क्यू हे थंड हवेचे गवत. दख्खनच्या पठारावर त्याची कुरणे नाहीत, आणि पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मना त्याचे भय नाही. पण या विषाच्या नात्यातली एक बुरशी महाराष्ट्राच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहे.

बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिले, हवा दमट झाली, की कणसावर चिकट गुलाबीसर थेंब दिसतात. नंतर दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी धरतात. शेतकरी त्याला अरगट म्हणतात. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन माणसांना विषबाधा झाली होती. मळमळ, उलट्या, भोवळ, गुंगी ही तिची लक्षणे. राईवरच्या अरगटाने युरोपात मध्ययुगात हातपाय सडत, तसे इथे झाले नाही, कारण बाजरीवरच्या बुरशीची अल्कलॉइडे वेगळ्या गटातली आहेत. त्याच दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, अरगट पडलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिले झाली तरी दूध उतरले नाही, अशी नोंद झाली. बुरशी वेगळी, पीक वेगळे, प्राणी वेगळा. बंद पडले ते दूधच.

बाजरीवरचा उपाय कृषी सहायक आजही सांगतात: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकायचे. अरगटाच्या हलक्या गाठी आणि पोचट दाणे तरंगतात, ते काढून जाळायचे. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. बाजरीत विषाच्या गाठी डोळ्यांना दिसतात आणि पाण्यावर तरंगतात. फेस्क्यूची बुरशी ताटाच्या आतच मुरलेली असते, त्यामुळे निवडण्या-पाखडण्याने ती हाती लागत नाही.

घोडीला बाहेर काढा

सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घोडी त्या कुरणातून हलवणे. व्यायच्या निदान तीस दिवस आधी, आणि जमले तर दोन-तीन महिने आधी, तिला दुसऱ्या गवतावर न्यायचे. याच काळात फेस्क्यूचा वाळलेला चाराही टाळायचा. गवत वाळले तरी विष पुरते जात नाही. बुरशी असलेल्या आणि नसलेल्या फेस्क्यूवर गाभण घोड्या ठेवून अलाबामाच्या ऑबर्न विद्यापीठात प्रयोग झाले. पहिल्या गटातल्या बहुतेक घोड्यांची प्रसूती अडली, दुसऱ्या गटातल्या सुरळीत व्यायल्या. गवत तेच, फरक बुरशीचा.

जिथे घोडी हलवायला दुसरी जागाच नाही, तिथे औषध लागते. साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठात डी क्रॉस यांनी डोमपेरिडोन वापरून पाहिले. उलटी थांबवणारी गोळी म्हणून भारतातल्या घराघरांत ते माहीत आहे. ते डोपामिनच्या जागा अडवते, म्हणजे अर्गोव्हॅलीनला बसायला ठिकाणच उरत नाही. मेंदूत ते फारसे शिरत नाही. पीयूषिका ग्रंथी मात्र त्याच्या आवाक्यात असते. अपेक्षित तारखेच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून रोज दिले की कास भरू लागते. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घोड्यांसाठी या औषधाच्या जेलला मान्यता दिली.

तिसरा मार्ग वनस्पतिशास्त्रज्ञांनी काढला. बुरशी हवी, तिचे विष नको, असे वाण मिळेल का? न्यूझीलंडमधल्या ॲगरिसर्च संस्थेने निसर्गातच आढळणाऱ्या, अर्गोव्हॅलीन न बनवणाऱ्या बुरशीचे प्रकार शोधून काढले, आणि जॉर्जिया विद्यापीठातल्या जो बाउटन यांनी ते चांगल्या फेस्क्यूत घालून वाण तयार केले. नव्या शतकाच्या सुरुवातीपासून असे बियाणे मिळते. अडचण खर्चाची आणि वेळेची आहे. जुने गवत तणनाशकाने मारायचे, मध्ये एक हंगाम दुसरे पीक घ्यायचे, पुन्हा मारायचे, मग पेरायचे. साडेतीन कोटी एकर असे उलटवायला पिढ्या लागतील.

पंचवीस दिवसांचा हिशेब

व्यालेली घोडी पुढे पुन्हा गाभण राहते का, म्हणजे फेस्क्यूचा वंध्यत्वाशी संबंध काय, हा प्रश्न इथे येतो. थरोब्रेड घोड्यांची वये उत्तर गोलार्धात १ जानेवारीपासून धरतात. शर्यतीच्या जगात मेमध्ये जन्मलेले शिंगरू फेब्रुवारीतल्या शिंगराशी वयाने बरोबरीचे मानले जाते. त्यामुळे प्रत्येक पैदासकाराला वर्षाच्या आरंभी शिंगरू हवे असते. घोडी स्वभावतः दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. म्हणून डिसेंबरपासूनच तबेल्यात दिवे लावून तिला सोळा तासांचा दिवस दाखवतात.

दरवर्षी एक शिंगरू हवे तर ३६५ मधून ३४० वजा करा. व्यायल्यापासून पंचवीस दिवसांत घोडी पुन्हा गाभण राहायला हवी. पहिला माज साधारण आठवडा-दहा दिवसांत येतो, म्हणजे हाती जेमतेम एक-दोन संधी. फेस्क्यूने गर्भकाळ तीन आठवडे लांबवला की हे पंचवीस दिवस जवळजवळ पोटातच खर्च होतात. त्यातून प्रसूती अडली, वार अडकली, गर्भाशयात संसर्ग झाला, तर तो हंगाम गेलाच. पुढच्या वर्षी नोंदवहीत शेरा पडतो: घोडी रिकामी.

गर्भधारणेवर या विषाचा थेट परिणाम होतो का, याबाबत गाई आणि घोडी यांची उत्तरे सारखी नाहीत. गाईंत गाभण राहण्याचे प्रमाण घटते, हे स्पष्ट झाले आहे. घोड्यांच्या काही प्रयोगांत हंगामातले पहिले बीज उशिरा सुटले आणि काही गर्भ सुरुवातीलाच जिरले; इतर प्रयोगांत तसा फरक दिसला नाही. म्हणून उलटणाऱ्या प्रत्येक घोडीचे खापर गवतावर फोडता येत नाही. वय वाढले की गर्भाशयाचे अस्तर जून होते. योनिमुखाची ठेवण बिघडली तर हवा आणि घाण आत ओढली जाते. त्यावर १९३७ साली कॅसलिक यांनी सुचवलेली टाक्यांची साधी शस्त्रक्रिया आजही जगभर करतात. ही कारणे तपासून झाल्यावर कुरणाकडे वळायचे, की आधी कुरणाकडे? केंटकीला या प्रश्नाचे उत्तर मोठी किंमत मोजून मिळाले.

२००१ चा वसंत

त्या वर्षी मार्च-एप्रिल उबदार गेले, एप्रिलच्या मध्यावर अचानक हिमदव पडले, आणि पुन्हा ऊन तापले. एप्रिलच्या अखेरीपासून मध्य केंटकीतले पशुवैद्य सोनोग्राफी करताना चक्रावू लागले. महिन्यापूर्वी तंदुरुस्त दिसलेले गर्भ मेलेले, भोवतालचे पाणी गढूळ. दुसरीकडे दिवस भरत आलेल्या घोड्या गाभडत होत्या. लेक्सिंग्टनच्या निदान केंद्रात मृत शिंगरांची रीघ लागली. काही घोड्यांच्या हृदयावरणात पाणी साठले, काहींचा एकच डोळा सुजला. हजारो गर्भ गेले. नुकसानीचा अंदाज सुमारे ३३.६ कोटी डॉलरचा झाला.

संशयितांच्या यादीत फेस्क्यू अग्रभागी होता. त्याचा पूर्वेतिहासच तसा. जोडीला इतर बुरशींची विषे, नायट्रेट, हिमदवाने करपलेल्या जंगली चेरीच्या पानांतले सायनाइड. पण लक्षणे जुळेनात. फेस्क्यू गर्भकाळ लांबवतो. इथे दोन-तीन महिन्यांचे गर्भ जात होते. पाहणीत ज्या कुरणांजवळ चेरीची झाडे होती आणि जिथे त्या झाडांवरचे सुरवंट फार पडले होते, तिथे हानी जास्त निघाली. ईस्टर्न टेंट कॅटरपिलर नावाच्या त्या सुरवंटांचा त्या वसंतात सुळसुळाट झाला होता. झाडावरचा पाला संपवून ते गवतावर उतरत आणि घोड्या चरताना त्यांना गवतासोबत गिळत.

संशय सिद्ध करायला प्रयोग लागले. केंटकी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी गाभण घोड्यांना सुरवंट खाऊ घातले, त्या गाभडल्या. सुरवंट उच्च दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून दिले, तेव्हा गाभडल्या नाहीत. सुरवंटांच्या शरीराचे भाग वेगळे करून दिले, तेव्हा दोष बाहेरच्या कवचाकडे गेला. सुरवंटाचे काटेरी केस आतड्याच्या भिंतीत रुततात आणि त्या वाटेने जिवाणू रक्तात व पुढे गर्भापर्यंत जातात, असे स्पष्टीकरण आज पुढे ठेवले जाते. ऑस्ट्रेलियात २००४ साली घोड्या गाभडू लागल्या, तिथेही माग दुसऱ्या एका केसाळ सुरवंटापाशी पोचला.

यानंतर केंटकीतल्या अनेक शेतांवरून कुरणालगतची चेरीची झाडे गेली. वसंतात सुरवंटांची अंडी किती फुटली यावर कीटकशास्त्रज्ञ लक्ष ठेवतात आणि पैदासकारांना आगाऊ कळवतात. केंटकी विद्यापीठाने घोड्यांच्या कुरणांची पाहणी करण्याचा कार्यक्रमही सुरू केला. कुरणात फिरून फेस्क्यू किती, ब्लूग्रास किती, तण किती, याची टक्केवारी काढायची. फेस्क्यूच्या ताटांत बुरशी आहे का आणि अर्गोव्हॅलीन किती हे तपासायचे. त्यावरून गाभण घोड्या कोणत्या कुरणात सोडायच्या आणि कोणते मोडून नव्याने पेरायचे हे ठरवायचे. आता एखाद्या पागेत कास न भरलेली किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी घोडी आढळली, तर पशुवैद्य घोडीचे रक्त, गर्भाशयाचा नमुना, पडलेला गर्भ आणि वार यांच्याबरोबर तिच्या कुरणातले मूठभर गवत आणि गव्हाणीतला चाराही प्रयोगशाळेत पाठवतो, आणि सगळे अहवाल हाती आल्यावर मगच कारण लिहितो.